मोज्याची टांच

मानवी पाऊल हें विणकामाच्या दृष्टीनें मोठें अडचणीचें आहे. पोटरीवरून सरळ खालीं येणारी मोज्याची नळी घोट्यापाशीं काटकोनांत वळवावी लागते, आणि त्या वळणाच्या मागील अंगास टांचेचा गोल उंचवटा असतो. शिंप्यापुढें असा प्रश्न आला तर तो कापड कातरून जोड देतो. लोकरीचा मोजा विणणारीस कातर चालवितां येत नाहीं. आणि शिवण घालावी, तर ती जोड्यांत पायास बोचते. एकाच अखंड धाग्यानें, न कातरतां व न शिवतां, विणीस वाटीसारखा आकार कसा द्यावा, हा येथील खरा प्रश्न होय.

हा प्रश्न केवळ शोभेचा नाहीं. टांचेपाशीं जादा वीण गोळा झाली, म्हणजे तिची चुणी पडते, चुणीनें कातडें घासतें आणि फोड येतो. चार मैल चालणारास तो त्रासदायक. सैनिकास तर त्याहून अधिक. १९१४ सालीं पहिलें महायुद्ध सुरू होतांच इंग्लंडच्या राणी मेरी यांनीं सैनिकांसाठीं ३ लक्ष जोड्या मोज्यांचें आवाहन केलें. पुढें खंदकांतील चिखलपाण्यांत पाय सुजण्याचा व सडण्याचा विकार फैलावला, तेव्हां वरचेवर कोरडे मोजे बदलणें हा त्यावरील मुख्य उपायांपैकीं एक ठरला. घरोघर सुया चालूं लागल्या, आणि ज्यांनीं पूर्वीं केवळ गळपट्टे विणले होते, त्यांना टांच वळविणें शिकणें भाग पडलें.

नवशिकी विणणारी येथेंच अडते. त्याचें कारण हाताचें अकौशल्य नसून मनांतील एक समजूत असते. सुरू केलेली ओळ शेवटपर्यंत न्यावयाची, हें तिच्या अंगवळणीं पडलेलें असतें. टांच वळविण्याचें सारें मर्म मात्र ओळ मध्येंच सोडून मागें फिरण्यांत आहे. ज्या भागावर सुई अधिक वेळां फिरते, तेथें ओळी अधिक होतात. ज्या कडा सोडून दिल्या, तेथें कमी. मध्यें लांबी वाढली व कडांशीं ती तशीच राहिली, म्हणजे वीण आपोआप फुगून वाटीचा आकार घेते.

उदाहरणार्थ, बारीक लोकरीचा ६४ टांक्यांचा मोजा घ्यावा. त्यांपैकीं निम्मे, म्हणजे ३२ टांके, एका सुईवर घेऊन बाकीचे स्वस्थ ठेवावे. या ३२ टांक्यांवर ३२ ओळींची पट्टी विणावी. प्रत्येक ओळीचा पहिला टांका न विणतां उचलावा. त्यामुळें दोन्ही कडांस १६-१६ स्वच्छ फांसे तयार होतात.

आतां वळण. सुलट बाजूनें १८ टांके विणावे, पुढील दोन एकत्र विणावे, आणखी एक विणावा आणि काम फिरवावें. सुईवर ११ टांके तसेच राहतील. त्यांस हात लावूं नये. उलट बाजूनें पहिला टांका उचलावा, ५ उलट विणावे, दोन एकत्र उलट, एक उलट, आणि पुन्हां फिरावें. या बाजूसही ११ टांके राहतात. विणलेल्या व न विणलेल्या टांक्यांमध्यें आतां एक लहानशी फट दिसते. नवशिकीस ती चूक वाटते. वस्तुतः तीच पुढील वाट दाखविते. यापुढें प्रत्येक ओळींत पहिला टांका उचलून फटीच्या अलीकडील एक टांका उरेपर्यंत विणावें. तो व फटीपलीकडील एक असे दोन एकत्र विणून फट मिटवावी. पुढील एक विणून परतावें. प्रत्येक बाजूस सात वेळां असें केलें, कीं सारे टांके संपतात. शेवटच्या खेपेस मात्र पुढें विणावयास टांका उरत नाहीं. १४ टांके कमी होऊन सुईवर १८ राहतात, आणि हातांत टांचेची वाटी येते.

मग पट्टीच्या दोन्ही कडांवरून १६-१६ टांके उचलावे. १८ व ३२ मिळून ५०, आणि स्वस्थ ठेवलेले ३२ धरून एकंदर ८२ होतात. एक फेरा सोडून एक, दोन्ही अंगांस एकेक टांका कमी करीत गेल्यास नऊ खेपांत पुन्हां ६४ टांके होतात, आणि तेथून पावलाची सरळ नळी सुरू होते.

शिकणारीनें प्रथम जाड लोकर व दोन सुया घेऊन ३२ टांक्यांची नुसती टांच विणून पाहावी व ती आपल्याच टांचेवर बसवावी. आंकडे पाठ करण्याची गरज नाहीं. फट ओळखतां आली, म्हणजे मोजणी चुकली तरी डोळे मार्ग दाखवितात. हीच अपुऱ्या ओळींची रीत स्वेटरच्या खांद्यास उतार देण्याच्याही कामीं येते. एकदां टांच साधली, कीं विणणारीस सरळ पट्ट्यांच्या पलीकडचें विणकाम मोकळें होतें. आणि ज्याच्या पायांत तो मोजा जातो, त्यास तो आहे याची आठवणही होत नाहीं, हीच त्या टांचेची परीक्षा होय.