‘चेक इंजिन’चा दिवा लागला, म्हणजे ऑक्सिजन सेन्सर बदलायचाच का?

गाडी व्यवस्थित चालते आहे, आवाजही बदललेला नाही, तरी डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो. गॅरेजमध्ये स्कॅनर जोडला की ऑक्सिजन सेन्सरशी संबंधित कोड दिसतो आणि नवा सेन्सर टाकण्याचा सल्ला मिळतो. काही हजार रुपये जातात आणि कधी कधी पंधरवड्यात दिवा पुन्हा हजर होतो. कारण स्कॅनरवरचा कोड म्हणजे निदान नव्हे, ती फक्त तक्रार असते.

हा सेन्सर करतो काय?

एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. हे प्रमाण सांभाळण्याचे काम ईसीयू, म्हणजे गाडीतला संगणक करतो. जळून बाहेर पडणाऱ्या धुरात किती ऑक्सिजन उरला, याची खबर त्याला ऑक्सिजन सेन्सर देतो. ऑक्सिजन जास्त उरला तर पेट्रोल वाढवले जाते, कमी उरला तर घटवले जाते. आताच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत असे दोन सेन्सर असतात. एक कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधी, दुसरा त्याच्या नंतर. कन्व्हर्टर धूर नीट शुद्ध करतो की नाही, यावर दुसऱ्याची नजर असते.

कोड नेमके काय सांगतो?

‘पी ०१३५’ हा कोड पुढच्या सेन्सरच्या हीटरबद्दल आहे. सेन्सर सुमारे ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापल्याशिवाय नीट काम करत नाही, म्हणून त्याच्या आतच हीटर असतो. इथे सेन्सरवर संशय घेणे रास्त आहे. पण आधी फ्यूज आणि वायर तपासावी. गाडी बरेच दिवस एका जागी उभी असेल तर वायर उंदरांनी कुरतडलेली असणे अजिबात नवलाचे नाही.

‘पी ०१७१’ची गोष्ट निराळी. इंजिनात हवा जास्त, पेट्रोल कमी, असा त्याचा अर्थ. यात सेन्सर बहुधा खरेच सांगत असतो. दोष फाटलेल्या व्हॅक्यूम होजमध्ये, मळलेल्या एअर-फ्लो सेन्सरमध्ये किंवा दाब कमी पडलेल्या फ्युएल पंपात असू शकतो. अशा वेळी ऑक्सिजन सेन्सर बदलणे म्हणजे ताप आला म्हणून थर्मामीटर बदलणे.

‘पी ०४२०’ कन्व्हर्टरची क्षमता घटल्याचे सांगतो. मात्र सायलेन्सरच्या पाइपला गळती असली तरी हा कोड येऊ शकतो. कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असे महाग धातू असतात. त्यामुळे तो बदलण्याआधी गळती तपासून घेणे परवडते.

गॅरेजमध्ये काय विचारावे?

‘लाइव्ह डेटा दाखवा’ एवढे म्हणावे. इंजिन तापल्यावर पुढच्या सेन्सरचे व्होल्टेज साधारण ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान सतत वरखाली व्हायला हवे. मागच्याचे बऱ्यापैकी स्थिर असते. अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावरही पुढच्याची रेषा सपाटच राहिली, तर सेन्सर गेल्याची शक्यता मोठी. काही गाड्यांत पुढे वाइडबँड प्रकारचा सेन्सर असतो. त्याला हे आकडे लागू नाहीत.

दिवा स्थिर असेल आणि गाडी नेहमीसारखी चालत असेल, तर गॅरेजपर्यंत जायला हरकत नाही. तो लुकलुकत असेल तर मात्र इंजिन मिसफायर होते आहे. न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते आणि तो जळू शकतो. गाडी सुरक्षित जागी थांबवून मदत बोलवावी.

आणखी एक. दिवा घालवण्यासाठी बॅटरीची वायर काढण्याची युक्ती सर्रास सांगितली जाते. त्याने कोड पुसला जातो आणि बिघाडाच्या क्षणाची नोंदही जाते. मग मेकॅनिकच्या हाती काहीच उरत नाही. म्हणून कोड पुसण्याआधी स्कॅनरच्या पडद्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. दुरुस्तीनंतर ईसीयूच्या सगळ्या चाचण्या पूर्ण व्हायला काही दिवसांचे चालवणे लागते. तोवर दिवा विझलेला दिसला, तरी बिल जपून ठेवावे.