वाचून झालं की परत फळीवर

१९७३च्या एप्रिलमध्ये आयझॅक असिमोव्ह एका सकाळी जागे झाले ते स्वप्नाच्या तंद्रीतच. लहानपणी वाचलेल्या विज्ञानकथांचा संग्रह आपण काढतो आहोत आणि त्या निमित्तानं त्या सगळ्या कथा पुन्हा वाचायला मिळताहेत, असं ते स्वप्न. पुढं त्यांची पत्नी झालेल्या जॅनेटला त्यांनी ते सांगितलं, तर ती म्हणाली, मग काढा की खरंच. पुढच्याच वर्षी ‘बिफोर द गोल्डन एज’ हा जाडजूड ग्रंथ बाजारात आला. १९३१ ते १९३८ या काळात मासिकांतून आलेल्या, असिमोव्ह यांच्या आवडत्या कथा त्यात होत्या. पण संपादक म्हणून प्रस्तावना लिहून ते बाजूला झाले नाहीत. कथा संपली की ते मध्येच येतात आणि त्या वर्षी आपलं घर कसं होतं, शाळा कशी होती, वडिलांचं दुकान कुठं होतं ते सांगत बसतात. नवल म्हणजे, कित्येक कथांपेक्षा हा मधला मजकूरच जास्त रंगतो.

एवढ्या आवडत्या कथा पुन्हा वाचायला स्वप्न का पडावं लागलं? घरातली एखादी जुनी ट्रंक उघडली असती तरी भागलं असतं. पण तशी ट्रंकच नव्हती. या कथा ज्या मासिकांत आल्या, ती लहानग्या आयझॅकच्या मालकीची नव्हतीच. तो दुकानातला माल होता.

असिमोव्ह कुटुंब मूळचं रशियातल्या पेत्रोविची गावचं, ज्यू. १९२३ साली जूडा आणि अ‍ॅना असिमोव्ह दोन लेकरांना घेऊन न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात आले, तेव्हा आयझॅक तीन वर्षांचा होता. घरात यिद्दिश बोलली जायची. १९२६ मध्ये वडिलांनी ‘कँडी स्टोअर’ घेतलं. नाव गोळ्या-चॉकलेटांचं, पण तिथं सोडा, सिगारेटी, वर्तमानपत्रं, मासिकं असं सगळं मिळायचं. दुकान सकाळी सहाला उघडायचं आणि रात्री एकला बंद व्हायचं, आठवड्याचे सातही दिवस. पुढं दुकानं बदलली, पत्ते बदलले, वेळापत्रक तेच राहिलं. पहाटे पेपर टाकायचे, शाळा सुटली की सरळ काउंटरवर यायचं, हा आयझॅकचा दिनक्रम होता. यायला जरा उशीर झाला तर वडील आळशी म्हणून उद्धार करायचे. आपल्याकडं ज्यांचं बालपण बापाच्या दुकानात गल्ल्यावर गेलं आहे, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. अशा घरात ‘आई-वडिलांबरोबर राहणं’ म्हणजे त्यांच्याबरोबर राबणं.

मासिकं हाताशी, पण वाचायची नाहीत! जूडा असिमोव्ह विद्येची चाड असलेले गृहस्थ होते. मुलाला त्यांनी लहानपणीच ग्रंथालयाचं कार्ड काढून दिलं, पण भडक मुखपृष्ठांची, स्वस्त लगद्याच्या कागदावर छापलेली ‘पल्प’ मासिकं म्हणजे पोरगं वाया जायचं साधन, असं त्यांचं ठाम मत होतं. गिऱ्हाइकाला विकायला चालतील, पण मुलानं हात लावायचा नाही. मराठी घरांत ‘अवांतर वाचना’वर बसणारी करडी नजर आठवावी, फक्त इथं ते अवांतर वाचन घरच्याच फळीवर ओळीनं मांडलेलं होतं.

या तटबंदीला भगदाड पडलं ते एका व्यावसायिक अपघातामुळं. ह्यूगो गर्न्सबॅक या प्रकाशकानं १९२६ साली ‘अमेझिंग स्टोरीज’ हे निव्वळ विज्ञानकथांचं मासिक सुरू केलं होतं. १९२९ मध्ये ते त्याच्या हातून गेलं आणि त्यानं लगोलग नवं काढलं, ‘सायन्स वंडर स्टोरीज’. नऊ वर्षांच्या आयझॅकनं मुखपृष्ठावरचा ‘सायन्स’ हा शब्द हेरला. मासिक घेऊन तो वडिलांपुढं उभा राहिला आणि हे शास्त्राचं आहे, म्हणजे अभ्यासाचंच झालं, असा युक्तिवाद त्यानं केला. वडिलांचं इंग्रजी जेमतेम. त्यात आई गरोदर, धाकट्या स्टॅन्लीचा जन्म तोंडावर आलेला. वाद घालायला वेळ नव्हता. परवानगी मिळाली. पुढं ‘सायन्स’ हा शब्द नसलेल्या ‘अमेझिंग’लाही त्याच परवानगीत बसवायला आयझॅकला जड गेलं नाही. त्या साली दुकानात शांतता असती, तर वडिलांनी मासिक उघडून चार पानं चाळली असती आणि प्रकरण तिथंच मिटलं असतं, असं वाटल्याशिवाय राहत नाही.

अट एकच होती: अंक कोराच्या कोरा राहिला पाहिजे. पानाला घडी नको, मुखपृष्ठावर बोटाचा डाग नको, वाचून झालं की परत फळीवर. अंक विकला गेला की कथाही गेली. मग ती टिकायची फक्त डोक्यात. नील आर. जोन्स यांची १९३१ मधली ‘द जेम्सन सॅटेलाइट’ ही अशीच टिकलेली कथा. एक प्राध्यापक मरणानंतर आपला देह अवकाशात ठेवण्याची व्यवस्था करतो. चार कोटी वर्षांनी यंत्रदेह धारण केलेले परग्रहवासी, झोरोम, त्याला शोधून काढतात आणि त्याचा मेंदू यंत्रात बसवतात. कथा म्हणून ती आज ओबडधोबड वाटते. पण हे झोरोम सालस होते, आणि यंत्रमाणसं प्रेमळ असू शकतात ही कल्पना आपल्याला तिथंच भेटली, असं असिमोव्ह यांनी लिहून ठेवलं आहे. चार्ल्स टॅनर यांची ‘टुमिथॅक ऑफ द कॉरिडॉर्स’ही त्यांची लाडकी. शुक्रावरच्या आक्रमकांच्या धाकानं माणसं जमिनीखालच्या बोगद्यांत राहतात आणि एक तरुण वर यायला निघतो, अशी ती गोष्ट आहे. तिच्याकडं नंतर यावं लागेल.

१९३८ मध्ये आयझॅक कोलंबिया विद्यापीठात रसायनशास्त्र शिकत होता, राहत मात्र आई-वडिलांकडंच होता. त्या वर्षी मे महिन्यात ‘अस्टाउंडिंग’ या विज्ञानकथांच्या मासिकाचा अंक ठरल्या दिवशी आला नाही. मासिक बंद पडलं की काय, या धास्तीनं तो थेट प्रकाशकाच्या कचेरीत गेला. बंद नव्हतं, फक्त अंक निघण्याचा वार बदलला होता. पण त्या घाबरगुंडीनं त्याला अर्धवट पडलेली स्वतःची कथा पुरी करायला लावलं. ‘कॉस्मिक कॉर्कस्क्रू’ लिहून झाली, आता पाठवायची कशी? त्यानं वडिलांना विचारलं. टपाल कशाला, जाऊन संपादकाच्या हातात दे, असं त्यांनी सांगितलं. ‘सायन्स’ शब्दावर फसलेले हेच गृहस्थ! संपादक होते जॉन डब्ल्यू. कॅम्बेल. ते अठरा वर्षांच्या त्या पोराशी तासाभराहून अधिक बोलले. दोनच दिवसांत कथा साभार परत आली. ती पुढं हरवली, ती कायमची. त्याच वर्षी दुसरी एक कथा ‘अमेझिंग’नं चौसष्ट डॉलर मानधन देऊन घेतली. ‘मरून्ड ऑफ व्हेस्टा’ या नावानं ती १९३९च्या मार्च अंकात छापून आली.

यंत्रमानवाची त्यांची पहिली कथा, ‘रॉबी’, याच काळातली. १९४० मध्ये ती वेगळ्या नावानं प्रसिद्ध झाली तेव्हा लेखक वीस वर्षांचा होता आणि घरी राहत होता. तिच्यात अवकाशयुद्ध नाही, जगबुडी नाही. ग्लोरिया नावाची लहान मुलगी, तिला सांभाळणारा मुका यंत्रमानव आणि त्यावरून आई-बापाची जुंपलेली. आईला भीती, मुलीचं काय होईल आणि लोक काय म्हणतील. यंत्रमानव घालवून ती बदली म्हणून कुत्रा आणते. वडील वरवर बायकोचं ऐकतात आणि गुपचूप मुलीच्या बाजूनं डाव रचतात. पोराच्या आवडीपुढं आई-बाप कसे वागतात, याचा अभ्यास त्या तरुणानं कुठं केला असेल, हे सांगायची गरज नाही. फक्त घरचा नकार त्यानं वडिलांकडून काढून आईकडं दिला आहे.

१९४२ साली नोकरीसाठी ते फिलाडेल्फियाला गेले, जुलैत पहिलं लग्न झालं आणि आई-वडिलांचं घर सुटलं. दुकानाच्या वेळा सुटल्या नाहीत. भल्या पहाटे उठून सुट्टीबिट्टी न मानता कामाला बसायचं, हे मोठेपणीही तसंच राहिलं. बंदिस्त जागेची आवडही तितकीच जुनी. भुयारी रेल्वेच्या स्थानकावर आपला एक पेपर-स्टॉल असावा, तो आतून बंद करून घ्यावा आणि गाड्यांची धडधड ऐकत वाचत पडावं, हे त्यांचं लहानपणीचं स्वप्न होतं. मोठेपणीही ते खिडक्यांचे पडदे ओढून, दिवा लावून टाइप करत.

१९५४ मध्ये त्यांची ‘द केव्ह्ज ऑफ स्टील’ ही कादंबरी पुस्तकरूपानं आली. तिच्यातलं भविष्यातलं न्यूयॉर्क पोलादी छताखाली आहे आणि लाखो माणसं जन्मभर ऊन-पाऊस न पाहता आत राहतात. टुमिथॅकच्या बोगद्यांशी तिचं नातं कुणालाही जोडता येईल, फरक इतकाच की इथल्या माणसांना वर यायची हौस नाही. इतकं भयाण जग तुम्हाला सुचलं तरी कसं, असं असिमोव्ह यांना विचारण्यात आलं. त्यात भयाण काही आहे, हे तोवर त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.