वीस तारीख, उरण

सकाळी ७
आज जीएसटीच्या ३बी रिटर्नची शेवटची तारीख. दुपारनंतर पोर्टल रडायला लागतं, म्हणून चहाबरोबर घरूनच दोन रिटर्न भरून टाकते. उशीर झाला तर दिवसाला पन्नास रुपये. रक्कम किरकोळ, पण क्लायंट ती माझ्या फीतून वळती करतो.

९:३०
बाजारपेठेतलं ऑफिस उघडते तोवर करंजाच्या चार जणी दारात. टेबलावर सुकटीचं पाकीट ठेवलं आणि खोलीभर वास सुटला. पुढे होडीचं रंगीत चित्र, मागची बाजू कोरी, वजन पेनाने लिहिलेलं. पॅक करणाऱ्याचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, महिना-वर्ष, सर्व करांसह एमआरपी, तक्रारीचा फोन आणि अन्न परवान्याचा नंबर हे सगळं छापावं लागेल, नाहीतर वैधमापनवाले दंड करतील. उद्यम नोंदणीसाठी त्यांनी एका एजंटला दीड हजार दिले होते. सरकारी पोर्टलवर ती आधार आणि पॅनवर फुकट होते.

पण त्याहून खटकलं ते दुसरंच. नोंदणी एकीच्या नावावर, बँकेचं खातंही तिचंच. कर्ज घेतलं तर फेडायचं तिने, आणि आयकरात चौघींची विक्री तिच्या एकटीच्या नावावर दिसणार. गटाच्या नावाने खातं काढा म्हटलं, तर तीच आधी ‘हो’ म्हणाली.

११:३०
जासईकडचे तिघे भाऊ. ट्रेलरचं गॅरेज काढायचंय. ‘मॅडम, लायसन कुठलं कुठलं लागतं?’ सगळे आधी हेच विचारतात, आणि याचंच उत्तर सगळ्यात सोपं असतं. गुमास्ता, उद्यम, व्यवसाय कर वर्षाला अडीच हजार. दुरुस्तीच्या कामाला जीएसटी वीस लाखांच्या उलाढालीपुढे.

मी विचारलं, ‘पैसे कोणाचे?’ तिघे एकमेकांकडे बघायला लागले.

‘वडिलांच्या नावचा साडेबारा टक्क्यांचा प्लॉट आहे, तो बँकेत ठेवू.’ जमीन संपादनाविरुद्धच्या १९८४ च्या आंदोलनात इथे पाच जण हुतात्मा झाले, त्या लढ्यातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित प्लॉट परत देण्याची ही योजना आली. त्या प्लॉटचा विषय निघाला की घराघरात आवाज खाली येतात. वडील गेलेले, वारस म्हणजे आई, हे तिघे आणि एक बहीण. पाचही सह्यांशिवाय बँक तो गहाण घेणार नाही. आणि मुद्रा योजनेत दहा लाखांपर्यंत तारण लागतही नाही.

थोरला म्हणाला, ‘भावाभावांत कसला आलाय करार?’ मग १९३२ चा भागीदारी कायदा काढला. कर्ज थकलं तर बँक कोणाही एका भावाकडून सगळं वसूल करू शकते. करारात सोय नसेल तर एक भागीदार गेला की फर्मच संपते. फर्म नोंदवली नाही तर बिल बुडवणाऱ्या गिऱ्हाइकावर फर्मला दावा लावता येत नाही. आणि काही लिहिलं नसेल तर नफा तिघांना सारखा, कामाचा पगार कोणालाच नाही. धाकटा वेल्डर आहे, दिवसभर राबणार तोच. इतका वेळ गप्प होता, तो म्हणाला, ‘हे परत एकदा सांगा.’

दुपारी २
डबा. पोर्टल बंद. जेवताना खानावळवाल्या ताईंचा फोन, गल्ल्यातून घरखर्च किती काढायचा? ठरलेला आकडा, ठरलेल्या तारखेला.

३:३०
एका ट्रेलरचा मालक. न्हावा शेवा ते भिवंडी फेऱ्या. डिझेल रोखीने, बिल मात्र तीन महिने अडकलेलं. छोट्या उद्योगाचं बिल चुकतं करायला कायद्याने मुदत आहे: लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस, नसेल तर १५. पुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. अट एकच, उद्यम नोंदणी बिलाच्या आधीची हवी. याची तशी आहे. पण तो म्हणतो, ‘नोटीस दिली तर पुढची ट्रिप कोण देणार?’ खरं आहे. मी दुसरा रस्ता सांगते. मुदत उलटलेलं असं बिल ३१ मार्चपर्यंत चुकतं केलं नाही तर देणाऱ्याला त्या वर्षी तो खर्च आयकरात दाखवता येत नाही. म्हणून मार्चच्या सुरुवातीला फोन करायचा, तोही मालकाला नाही, त्याच्या अकाउंटंटला.

रात्री ८
शेवटचं रिटर्न तिसऱ्या ओटीपीला गेलं. कुलूप लावताना धाकट्या भावाचा फोन. ‘मॅडम, करारात पगार किती लिहायचा?’

‘दुसरीकडे वेल्डरला काय मिळतं, ते आधी विचारून ये. बहिणीशी बोललात?’

‘दादा बोलणार आहे.’

‘दादा नको, तू बोल.’