किनाऱ्यावर न आलेले वादळ

२०१९ च्या ऑक्टोबरअखेरीस अरबी समुद्रात उठलेले ‘क्यार’ चक्रीवादळ रत्नागिरीच्या किनाऱ्यावर आदळले नाही. ते पश्चिमेकडे सरकत गेले आणि त्याच्या पाठोपाठ ‘महा’ हे दुसरे वादळ आले. किनाऱ्यावरची पडझड तुलनेने थोडी होती, परंतु बंदरावर बावटा, म्हणजे वादळाची क्रमांकित इशाराखूण, चढला की मासेमारी थांबते आणि १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीनंतर जोर धरू लागलेला हंगाम ऐन दिवाळीत बसून राहिला. अशी वेळ आता वारंवार येणार आहे, कारण पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेच्या अभ्यासानुसार १९८२ ते २००० च्या तुलनेत २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातील चक्रीवादळे ५२ टक्क्यांनी वाढली असून समुद्राचे तापणे हे त्यामागचे प्रमुख कारण आहे.

याच किनाऱ्यावरच्या हर्णैला, जिथे मासळी बैलगाडीतून पुळणीवर येते आणि तिथेच तिचा लिलाव होतो, वादळाची चाहूल लागताच नौका आंजर्ले खाडीत हलवाव्या लागतात. खाडीच्या मुखाशी गाळ साचलेला असल्याने भरतीची वाट पाहावी लागते, म्हणजे आसरा गाठणे हेच जोखमीचे ठरते. नौका वाचली तरी वाट्यावर काम करणाऱ्या, म्हणजे डिझेल, बर्फ आणि शिधा यांचा खर्च वजा जाता उरलेल्या रकमेतून हिस्सा घेणाऱ्या खलाशाला त्या दिवसांचे काहीच मिळत नाही, आणि अवेळी पावसाने वाळवणीवरची मासळी कुजली की ती विकणाऱ्या बाईचे भांडवलच जाते.

जून २०२० च्या ‘निसर्ग’ वादळात दापोली-मंडणगडची घरे आणि नारळी-पोफळीच्या बागा पडल्या, तेव्हा पंचनामा करता आला. बुडालेल्या दिवसांचा पंचनामा होत नाही. ‘क्यार’ आणि ‘महा’नंतर शासनाने २०२० मध्ये सुमारे ६५ कोटींचे साहाय्य मंजूर केले आणि त्यात नौकांबरोबर मासळी विक्रेत्यांना शीतपेट्या देण्याची तरतूद होती, हे पाऊल खरोखर मोलाचे होते, कारण शीतपेटी असली तर न खपलेली मासळी दुसऱ्या दिवशीही विकता येते. मात्र नौकांसाठीची रक्कम नौकेच्या प्रकारावर ठरली, त्यामुळे खलाशाचा वाटा पुन्हा मालकाच्या नावाआड राहिला. बावटा किती दिवस चढला याची नोंद ठेवणे मुळीच अवघड नाही; भरपाई त्या दिवसांना जोडली आणि खलाशी व विक्रेत्या बायकांची नावे यादीत स्वतंत्रपणे घेतली, तर मोडतोड सिद्ध करण्याची अट त्यांच्यापुरती तरी उरणार नाही.