पावणेचारचा सूर्यास्त

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात एडिंबरात सूर्य दुपारी ३ वाजून ४० मिनिटांच्या सुमारास मावळतो. तेव्हा वाशीमला रात्रीचे ९ वाजून १० मिनिटे झालेली असतात. जेवणं आटोपून आई व्हिडिओ कॉल लावते. एडिंबरात शिकणाऱ्या पोराच्या खिडकीबाहेर काळोख दाटताना पाहून तिचा पहिला प्रश्न ठरलेला: "आतापासूनच अंधार पडला काय रे तिकडे?"

वाशीम आहे २० अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास, एडिंबरा जवळपास ५६ अंशांवर. वाशीमचा वर्षातला सगळ्यात लहान दिवससुद्धा अकरा तासांच्या जवळ जातो. एडिंबरात तो जेमतेम सात तासांचा. भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून दहा-अकरा अंशच वर येतो, म्हणजे समोरच्या घराच्या छपराआडच राहतो. जन्मभर ऊन चुकवत सावलीसावलीने चाललेला वऱ्हाडी पोरगा इथे रस्त्याची उन्हाची बाजू शोधत चालायला लागतो. त्यात ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी सगळा देश घड्याळ तासभर मागे घेतो. कालपर्यंत घरात आणि इथे साडेचार तासांचं अंतर होतं, आज ते साडेपाच होतं.

या वाटेने गेलेला तो काही पहिला नाही. अमरावती जिल्ह्यातल्या पापळ गावी १८९८ मध्ये जन्मलेले पंजाबराव देशमुख शाळेचा काही काळ कारंजा (लाड) येथे शिकले. कारंजा आज वाशीम जिल्ह्यात आहे. तेव्हा ते अकोला जिल्ह्यात होतं, कारण १ जुलै १९९८ रोजी निर्माण झालेला आजचा वाशीम जिल्हा अकोल्यातूनच वेगळा निघाला. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजनंतर १९२० मध्ये पंजाबरावांनी बोटीने विलायत गाठली. पुढे ते एडिंबरा विद्यापीठात शिकले आणि बॅरिस्टरही झाले. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम आणि विकास. वेदांचा अभ्यास करायला वऱ्हाडातून स्कॉटलंडला जावं, हे ऐकायला गमतीचं वाटतं. पण त्या काळी तिथे संस्कृतच्या अध्यासनावर आर्थर बेरिडेल कीथ यांच्यासारखा पंडित होता. पंजाबरावांचा ग्रंथ १९३३ मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने छापला. तोवर ते अमरावतीला परतून श्री शिवाजी शिक्षण संस्थेच्या कामाला लागले होते, आणि १९५२ मध्ये ते देशाचे कृषिमंत्री झाले.

बोटीच्या प्रवासाला तेव्हा आठवडे लागत. आता अकोल्याहून रेल्वेने मुंबई, तिथून नऊ-दहा तासांत लंडन आणि पुढे किंग्ज क्रॉस स्थानकावरून साडेचार तासांत एडिंबरा. घर सुटल्यापासून तिसऱ्या दिवशी विद्यार्थी वसतिगृहाच्या खोलीत बॅग उघडत असतो. शरीर पोहोचलेलं असतं. कान मात्र अजून पोहोचायचे असतात.

स्कॉटिश इंग्रजी हा पहिला धक्का. दुकानदार 'वी बॅग' देऊ का विचारतो. 'वी' म्हणजे लहान, हे कळायला दोन दिवस जातात. 'हो' म्हणायला इथली माणसं 'आय' म्हणतात, आणि आईला 'आय' म्हणणाऱ्या गावच्या कानाला दर वेळी दचकायला होतं. "ठीक ना?" असं विचारणारा माणूस उत्तराची वाट न बघता पुढे निघून जातो. ते फक्त नमस्कारासारखं आहे, तब्येतीची विचारपूस नव्हे. बसमधून उतरताना मात्र जवळपास प्रत्येक प्रवासी ड्रायव्हरला थँक्यू म्हणतो. स्कॉटलंडमध्ये राहणाऱ्या २२ वर्षांखालच्या सर्वांना जानेवारी २०२२ पासून बसप्रवास फुकट आहे, त्यासाठीचं कार्ड तेवढं काढावं लागतं. पदवीला आलेल्या पोरांना ते मिळतं, एम.एस्सी.ला आलेले बहुतेक जण वयाच्या एखाद्या वर्षाने हुकतात आणि ते वर्ष त्यांना फार लागतं. एका पौंडाला शंभराहून जास्त रुपये पडतात, आणि पहिला महिनाभर चहाच्या कपाचाही हिशेब रुपयांतच होतो.

वर्गात धक्का वेगळा. प्राध्यापक स्वतःच सांगतात, मला नावाने हाक मारा. 'सर' म्हटल्याशिवाय तोंड न उघडणारी जीभ अडते, मग पोरगा काही दिवस हाकच मारत नाही. नुसता "एक्सक्यूज मी" म्हणून काम भागवतो. ट्यूटोरियलला पंधरा-एक जण गोल बसतात. तिथे वाचून आलेल्या लेखात चूक काय, हे विचारलं जातं. छापलेल्या लेखात चूक काढायची असते, हीच अनेकांना बातमी असते. मग पहिल्या निबंधाचे गुण येतात: ६२. बारावीला ८५ टक्के मिळवलेल्या मुलाचा चेहरा उतरतो. इथे ७० च्या वर म्हणजे अव्वल आणि ६० च्या घरातले गुण चांगले मानतात, हे मागच्या वर्षीचे विद्यार्थी समजावतात. घरी तो आकडा सांगायचा की नाही, हा प्रश्न तरीही उरतोच.

सगळ्यात मोठा गोंधळ स्वयंपाकघरात होतो. तेल कडक तापवून मोहरी, जिरं आणि लाल मिरचीची फोडणी दिली, की छताला लावलेला धुराचा गजर किंचाळायला लागतो. वसतिगृहाच्या नियमाप्रमाणे सगळ्यांना जिने उतरून बाहेर उभं राहावं लागतं, कुणी टॉवेलमध्ये, कुणी झोपेत. वरणाचा वास अंगाला घेऊन उभा असलेला कोण, हे ओळखायला फार वेळ लागत नाही. त्यानंतर पोरगा दार लावून घेतो, खिडकी उघडतो, एक्झॉस्ट चालू करतो आणि मगच कढई ठेवतो. आशियाई दुकानात तूरडाळ सहज मिळते, ज्वारीचं पीठही शोधल्यास सापडतं. विजेच्या शेगडीवर भाकर फुगवणं मात्र वेगळी विद्या आहे.

शहराच्या मधोमध आर्थर्स सीट नावाचा डोंगर उभा आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी थंड झालेल्या ज्वालामुखीचा तो अवशेष. वऱ्हाडाची जमीनही लाव्हाच्याच थरांची, त्यामुळे पायाखालचा काळा पाषाण ओळखीचा वाटतो. उंची २५१ मीटर. वाशीम शहरच समुद्रसपाटीपासून याच्या दुपटीहून उंच आहे, पण इथला वारा माणसाला वाकायला लावतो. समोरच्या किल्ल्यावरून रविवार सोडून बहुतेक रोज दुपारी बरोबर एक वाजता तोफ डागतात. १८६१ पासूनची ही प्रथा बंदरातल्या जहाजांना वेळ कळावी म्हणून सुरू झाली. पहिल्यांदा ऐकणारा दचकतो. जुने रहिवासी हातातलं घड्याळ बघतात.

जूनमध्ये सगळं उलटतं. आता सूर्य रात्री दहाला मावळतो आणि पहाटे साडेचारच्या आत परत उगवतो. पडदा जाड नसेल तर झोप लागत नाही. पोरगा प्रबंधाची पानं बाजूला ठेवून रात्री साडेनऊच्या उन्हात डोंगरावर जाऊन बसतो. फोन लावायची ही वेळ नव्हे, वाशीमला रात्रीचे दोन वाजलेले असतात. तो हवामानाचं अ‍ॅप उघडतो, एडिंबराचं पान सरकवून पुढचं बघतो. मृग लागून दोन आठवडे झालेत, सोयाबीनचं बियाणं घरात येऊन पडलंय, आणि गावाकडे उद्या पाऊस दाखवतोय का, ते त्याला बघायचं असतं.