दुर्गातील दुर्गा : रत्नदुर्ग आणि श्रीभगवती

आश्विन शुद्ध प्रतिपदेला घरोघरी घटस्थापना होते, नंदादीप प्रज्वलित होतो आणि सप्तशतीच्या पाठाने प्रातःकाळ पावन होतो. त्या पाठात ‘दुर्गा’ हे नाम आपल्या मुखातून अनेकवार निघते. परंतु गडकोटांना आपण ज्या नावाने ओळखतो तो ‘दुर्ग’ शब्द आणि जगन्मातेचे हे नाम एकाच कुळातील आहेत, हे सहसा ध्यानी येत नाही. ‘दुर्’ हा उपसर्ग आणि ‘गम्’ हा धातू. जेथे महत्प्रयासाने जाता येते तो दुर्ग. जिचे स्वरूप साधनेवाचून गवसत नाही, ती दुर्गा. सप्तशतीच्या अकराव्या अध्यायात दुर्गम नावाच्या असुराच्या वधामुळे हे नाम प्राप्त होईल, असे देवी स्वतःच सांगते. हे दोन्ही शब्द जेथे एकाच स्थळी नांदताना दिसतात, असे एक स्थान कोकणच्या किनाऱ्यावर आहे. ते म्हणजे रत्नागिरीचा रत्नदुर्ग.

मनूने दुर्गांचे सहा प्रकार सांगून त्यांत गिरिदुर्गास श्रेष्ठत्व दिले. कौटिल्याने जलाने वेढलेला तो औदक आणि पर्वतावरील तो पार्वत, असे दोन प्रकार वेगवेगळे गणले. रत्नदुर्गापाशी मात्र ही विभागणी थिटी पडते. सुमारे १२० एकरांचा हा गड घोड्याच्या नालेसारखा वळलेला असून त्याच्या तिन्ही बाजूंस सिंधुसागर आहे. पाऊल डोंगरावर आणि दृष्टी पाण्यावर! गडाचे बालेकिल्ला, दीपगृहाची टेकडी आणि पेठकिल्ला असे तीन भाग असून, त्यांपैकी बालेकिल्ल्यात श्रीभगवतीचे देवालय आहे.

गडाच्या अंतर्भागी देवता असावी, हाही केवळ लोकांच्या हौसेचा विषय नव्हे. दुर्गाच्या मध्यभागी कोणकोणत्या देवतांची स्थापना करावी, हे कौटिल्याने अर्थशास्त्रात नोंदवून ठेवले आहे, आणि त्या नामावळीच्या आरंभी नाव आहे ते अपराजितेचे. विजयादशमीस ईशान्य दिशेला ज्या अपराजितेचे पूजन आपण करतो, तिचेच हे नाम. शस्त्र, धान्य, पाणी यांची तरतूद बारकाईने सांगणारा तो कठोर राजनीतिज्ञ देवतेला विसरला नाही, याचे आम्हांला नेहमी कौतुक वाटत आले आहे. तटावर रात्र जागून काढणाऱ्या शिपायाला धान्याच्या कोठाराइतकाच गाभाऱ्यातील दिव्याचाही आधार लागतो, हे त्याने जाणले होते.

या गडाची उभारणी बहामनी काळात झाली असे मानतात. पुढे तो विजापूरच्या आदिलशाहीकडे गेला. इ. स. १६७० मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी तो स्वराज्यात आणून बळकट केला. सागरावर ज्याची सत्ता नाही त्याची भूमीही सुरक्षित नाही, हे ज्यांनी ओळखले, त्यांना खाडीमुखावरच्या या पहारेकऱ्याचे मोल सांगावे लागले नसेल. त्यानंतर आंग्र्यांचे युग आले. सरखेल कान्होजींच्या दराऱ्याच्या कथा किनाऱ्यावर आजही सांगितल्या जातात. १७२९ मध्ये कान्होजी निवर्तले आणि त्या घरात दुफळी माजली. अखेर १७५५-५६ साली पेशव्यांनी इंग्रजांच्या साह्याने तुळाजी आंग्र्यांविरुद्ध मोहीम काढली. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या धक्क्यात मराठ्यांचे आरमार जळाले, तुळाजींचे उरलेले आयुष्य कैदेत गेले, आणि रत्नागिरीही पेशव्यांच्या अमलाखाली आली.

या प्रसंगी पेशव्यांची बाजू मांडणारे विद्वान पुष्कळ आहेत. तुळाजी उद्दाम होते, छत्रपतींची व पेशव्यांची आज्ञा मानीत नव्हते, हेही खरेच. तरीही आपलेच तारू परक्याच्या हाताने जाळविणे, यासारखी करंटी गोष्ट दुसरी नाही असे आमचे मत आहे. अवघ्या बासष्ट वर्षांनी, १८१८ मध्ये, त्याच इंग्रजांनी पेशवाई बुडविली आणि रत्नदुर्गावर त्यांचे निशाण चढले. त्यांना अडविण्यास समुद्रावर कोणी उरलेच नव्हते.

सप्तशतीच्या चौथ्या अध्यायात देव जगदंबेची जी स्तुती करतात, तीत तिला दुर्गम अशा भवसागरातून पार नेणारी नौका म्हटले आहे. घाटावरचा श्रोता हे रूपक म्हणून ऐकतो. परंतु गडाच्या पायथ्याशी, भगवती बंदरावर, ज्यांचे घरधनी होडी घेऊन पाण्यात गेले आहेत त्या माउलींसमोर हाच अर्थ निरूपणात सांगा. त्यांना रूपक उकलून सांगावे लागत नाही. दुर्गा म्हणजे गड आणि दुर्गा म्हणजे नाव, हे दोन्ही त्यांच्या अंगणातून दिसते. दक्षिणेकडील टेकडीवर १८६७ साली दीपगृह उभे राहिले. त्याच्या प्रकाशाने दर्यावर्दी आपली दिशा ठरवू लागले, पण म्हणून कोणी भगवतीला ओटी भरण्याचे सोडले नाही.

सत्ता गेल्यावर कित्येक गडांचे रान झाले. तटांत पिंपळ रुजले, टाकी गाळाने भरली, वाटा बुजल्या. रत्नदुर्गाचा बालेकिल्ला मात्र माणसांच्या वर्दळीत राहिला. याचे कारण शोधू गेल्यास ते तोफांत सापडत नाही, पूजेत सापडते. रोज कोणीतरी फुले घेऊन चढते, नवरात्रात तर रीघ लागते. शत्रूला दुर्गम व्हावे म्हणून बांधलेली वास्तू भक्तांना सुगम झाली म्हणूनच टिकली. मात्र याच भाविकांपैकी काहीजण तटाच्या चिऱ्यावर आपले नाव कोरतात, प्लास्टिकच्या पिशव्या बुरुजावरून खाली भिरकावतात, हे पाहून मन विषण्ण होते. ज्या चिऱ्याने आदिलशाही, मराठेशाही आणि इंग्रजी अंमल पाहिला, तोही देवीच्या प्राकाराचाच भाग आहे. त्याला ओरखडा काढून वर ओटी भरणे, ही कसली सेवा?

दर्शन घेऊन उतरताना गडाच्या पायथ्याशी श्रीभागेश्वराचे शिवालय लागते. दानशूर भागोजीशेठ कीर यांनी ते बांधले. स्थानबद्धतेच्या काळात, १९२४ ते १९३७, स्वातंत्र्यवीर सावरकर रत्नागिरीत होते. त्यांच्या प्रेरणेने याच भागोजीशेठांनी शहरात पतितपावन मंदिर उभारले आणि फेब्रुवारी १९३१ मध्ये तेथे मूर्तीची प्रतिष्ठापना झाली. तोवर गावोगावी असंख्य हिंदू बांधवांना देवळाची पहिली पायरीदेखील दुर्गम होती. तो तट चिऱ्यांचा नव्हता, म्हणून तोफांनी पडण्यासारखाही नव्हता. पतितपावनाच्या गाभाऱ्यापर्यंत मात्र सर्व जातींच्या हिंदूंना मोकळी वाट मिळाली. नवरात्रात रत्नदुर्गी जाणाऱ्या यात्रेकरूंनी भगवतीच्या दर्शनानंतर भागेश्वर आणि मग शहरातील पतितपावन, या क्रमाने यात्रा करावी. एका दिवसात ती सहज पुरी होते, आणि अस्तमानाच्या आत पुन्हा गडावर यायचे असेल तर तेवढाही वेळ उरतो.