बेसबॉलची परिभाषा

गेल्या वर्षीं वाचनालयांत आठवीच्या एका विद्यार्थ्यानें आम्हांस एक प्रश्न विचारला. अमेरिकेंतील बेसबॉलच्या एका सामन्याचा वृत्तान्त तो वाचीत होता. "सर, या गड्यानें दोनदां चोरी केली असें येथें लिहिलें आहे आणि तरीहि त्याची स्तुति केली आहे. हें कसें?" प्रश्न ऐकून आजूबाजूचे विद्यार्थी हंसले, परंतु आम्हांस तो हंसण्यासारखा वाटला नाहीं. शब्द ओळखीचा असून अर्थ अनोळखी निघाला म्हणजे मोठी माणसेंहि अडखळतात. क्रिकेटची परिभाषा आमच्या मुलांच्या ओठीं लहानपणापासून बसलेली असते. बेसबॉलची मात्र कोणी समजावून सांगत नाहीं. म्हणून या लेखांत त्या खेळांतील मुख्य मुख्य शब्दांचा परिचय करून देण्याचें आम्हीं योजिलें आहे. त्यांतील दोन-तीन शब्द खेळापलीकडेहि उपयोगी पडण्यासारखे आहेत; ते कोणते हें शेवटीं सांगूं.

प्रथम मैदान पाहूं. क्रिकेटचें मैदान वाटोळें आणि खेळपट्टी मध्यभागीं असते. बेसबॉलचें मैदान उघडलेल्या जपानी पंख्यासारखें असतें आणि फलंदाज त्या पंख्याच्या मुठीशीं उभा राहतो. मुठीपासून दोन सरळ रेषा काटकोन करून दूरवर जातात. या रेषांच्या आंत मारलेला चेंडू 'फेअर', म्हणजे ग्राह्य. बाहेर गेलेला 'फाउल', म्हणजे अग्राह्य. चेंडू हलकेच पाठीमागें वळवून धांव मिळविण्याची येथें सोय नाहीं.

मुठीकडील भागांत ९० फूट बाजूचा एक चौरस असतो. फलंदाजाच्या बाजूनें पाहिल्यास तो कोनावर उभा, आपल्या शंकरपाळ्यासारखा दिसतो. त्यास 'डायमंड', म्हणजे हिरा, असें म्हणतात. त्याच्या चार कोपऱ्यांवर चार ठाणीं असतात. ठाणें म्हणजेच 'बेस'. तीन ठाण्यांस पहिलें, दुसरें व तिसरें अशीं नांवें आहेत. चौथ्या ठाण्यास मात्र चौथें न म्हणतां 'होम', म्हणजे घर, असें म्हणतात. फलंदाजानें घरून निघावें, तिन्ही ठाणीं क्रमानें घ्यावीं आणि पुन्हां घरीं यावें. तेव्हां कोठें एक 'रन', म्हणजे एक धांव, होते. ज्यांनीं सारीपाट खेळला आहे त्यांस ही कल्पना नवी वाटणार नाहीं. सोंगटी सारा पट फिरून मधल्या घरांत आली म्हणजेच ती पिकली. घराच्या दारांत येऊन अडलेल्या सोंगटीचें कोणी कौतुक करीत नाहीं. तसाच तिसऱ्या ठाण्यापर्यंत पोंचून तेथेंच राहिलेला गडी. त्याच्या श्रमांबद्दल पाव धांवहि मिळत नाहीं. अशा वाटेंत राहिलेल्या गड्यांस 'लेफ्ट ऑन बेस' म्हणतात व त्यांची संख्या वेगळी मोजतात.

प्रत्येक पक्षांत एका वेळीं नऊ गडी मैदानांत असतात. चेंडू टाकणारा 'पिचर' घरापासून ६० फूट ६ इंचांवर, मातीच्या लहानशा उंचवट्यावर उभा राहतो. घराच्या मागें ओणवून चेंडू झेलणारा तो 'कॅचर'. या दोघांच्या जोडीस 'बॅटरी' असें नांव आहे. पहिल्या, दुसऱ्या व तिसऱ्या ठाण्याशीं एकेक रक्षक असतो. दुसऱ्या व तिसऱ्या ठाण्यांच्या मधील जागा संभाळणारा तो 'शॉर्टस्टॉप'. आणि दूरच्या गवतावर डावा, मधला व उजवा असे तीन 'आउटफील्डर'. सामन्यांत नऊ 'इनिंग' असतात. प्रत्येक इनिंगमध्यें दोन्ही पक्षांस एकेकदां फलंदाजी मिळते आणि तीन गडी बाद झाले कीं पाळी बदलते. नऊ इनिंगनंतर बरोबरी झालीच तर निकाल लागेपर्यंत खेळ पुढें चालू राहतो.

आतां चेंडू टाकण्याकडे वळूं. हा चेंडू टप्पा न घेतां येतो. घराच्या जागीं १७ इंच रुंदीची एक पंचकोनी पाटी जमिनींत बसविलेली असते. तिच्या वरून, फलंदाजाच्या साधारणतः गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या उंचींतून गेलेला चेंडू योग्य मानतात. या अदृश्य खिडकीचें नांव 'स्ट्राइक झोन'. योग्य चेंडू फलंदाजानें सोडून दिला किंवा कोणताहि चेंडू मारावयास जाऊन तो चुकला तर 'स्ट्राइक' होतो. तीन स्ट्राइक झाले कीं फलंदाज बाद. यास 'स्ट्राइकआउट' म्हणतात. फाउल फटकाहि स्ट्राइकांत मोजतात, मात्र बहुधा तिसरा स्ट्राइक म्हणून नव्हे.

येथें नवशिका गोंधळतो. स्ट्राइक म्हणजे प्रहार. मग ज्यानें प्रहार केलाच नाहीं त्याच्या माथीं स्ट्राइक कां? याचें उत्तर इतिहासांत आहे. न्यूयॉर्कच्या निकरबॉकर क्लबनें १८४५ सालीं नियम लिहून काढले तेव्हां बॅट फिरवून चुकणें एवढाच त्या शब्दाचा अर्थ होता. परंतु कांहीं फलंदाज मनाजोगा चेंडू येईपर्यंत स्वस्थ उभे राहूं लागले आणि खेळ रेंगाळूं लागला. तेव्हां, चांगला चेंडू सोडणाऱ्यावरहि स्ट्राइक पुकारण्याचा अधिकार १८५८ सालीं पंचांस देण्यांत आला. शब्द जुनाच राहिला, अर्थ मात्र वाढला. उलट पक्षीं, वाईट चेंडू टाकून फलंदाजास सतावणारे पिचरहि निघाले. त्यांच्या बंदोबस्तासाठीं अयोग्य चेंडूस पंच 'बॉल' म्हणून पुकारूं लागले. चार बॉल झाले म्हणजे फलंदाज कोणाच्याहि अडथळ्यावांचून पहिल्या ठाण्यावर चालत जातो. म्हणून त्यास 'वॉक' म्हणतात. चार ही संख्या १८८९ सालापासून कायम आहे.

चेंडू नीट मारून फलंदाज ठाण्यावर सुखरूप पोंचला तर तो 'हिट'. पहिल्या ठाण्यापर्यंत पोंचल्यास 'सिंगल', दुसऱ्यापर्यंत 'डबल', तिसऱ्यापर्यंत 'ट्रिपल' आणि एकाच फटक्यांत घरीं परत आल्यास 'होम रन'. चेंडू ग्राह्य हद्दींतून कुंपणापलीकडे गेला म्हणजे होम रन होतो, व त्या वेळीं ठाण्यांवर असलेले गडीहि घरीं येतात. तिन्ही ठाणीं भरलेलीं असतांना असा फटका बसला तर एकदम चार धांवा होतात. तो 'ग्रँड स्लॅम'.

बाद होण्याच्या तऱ्हा अनेक आहेत. झेल घेतल्यास फलंदाज बाद, हें क्रिकेटप्रमाणेंच. क्रिकेटांत मात्र चेंडू मारूनहि जागेवर उभें राहतां येतें. बेसबॉलमध्यें ग्राह्य चेंडू जमिनीवर मारला कीं धांवलेंच पाहिजे. तो पोंचण्यापूर्वीं चेंडू पहिल्या ठाण्यावरील रक्षकाच्या हातीं आला व त्याचा पाय ठाण्यावर असला तर फलंदाज बाद. यास 'फोर्स आउट' म्हणतात, कारण धांवणाऱ्यास मागें राहण्याची मुभाच नसते. ठाणें सोडून मध्येंच सांपडलेल्या गड्यास चेंडूनें स्पर्श केला तर तो 'टॅग आउट'. एकाच फटक्यांत दोघे बाद झाले तर 'डबल प्ले'.

आतां त्या विद्यार्थ्याच्या चोरीकडे येऊं. पहिल्या ठाण्यावरील गडी पिचरवर नजर ठेवून चार पावलें पुढें सरकतो. पिचरनें चेंडू टाकण्यास आरंभ केला कीं तो दुसऱ्या ठाण्याकडे झेंपावतो. कॅचरनें तत्काळ फेंकलेल्या चेंडूपूर्वीं तो पोंचला तर फटक्याची मदत न घेतां त्यानें एक ठाणें मिळविलें; हेंच 'स्टील'. ही चोरी हजारों लोकांच्या देखत, नियमांच्या आंत राहून होते. म्हणून तिची स्तुति. या विद्येंत रिकी हेंडरसन याच्याइतकें यश कोणासहि आलें नाहीं. १९७९ ते २००३ या काळांत त्यानें १४०६ ठाणीं मिळविलीं. पण त्याच खेळाडूच्या नांवावर ३३५ वेळां पकडला गेल्याचीहि नोंद आहे.

ही दुसरी नोंद महत्त्वाची आहे. बेसबॉलच्या हिशेबाची वही केवळ यश लिहून थांबत नाहीं. ती आजच्या रूपास आणण्याचें मोठें श्रेय हेन्री चॅडविक या वार्ताहराकडे जातें. तो इंग्लंडांत जन्मला, बालपणीं अमेरिकेंत आला व आरंभीं क्रिकेटचे वृत्तान्त लिहीत असे. मैदानावरील फलकावर प्रत्येक पक्षापुढें तीन रकाने असतात : रन, हिट आणि 'एरर'. एरर म्हणजे चूक. सामान्य प्रयत्नानें जमण्यासारखा झेल सुटला किंवा चेंडू भलतीकडे फेंकला गेला व त्यायोगें प्रतिपक्षाचा लाभ झाला, तर अधिकृत नोंदणीकार तो एरर म्हणून लिहितो. फलकावर ती सर्व प्रेक्षकांस दिसते, वहींत चुकणाऱ्याच्या नांवापुढें बसते, आणि तरी पुढच्या चेंडूस तोच गडी त्याच जागीं उभा राहतो.

चुकीप्रमाणें त्यागाचीहि नोंद होते. ठाण्यावरील सोबत्यास पुढें जातां यावें म्हणून फलंदाज बॅट आडवी धरून चेंडू हळूच जवळ टाकतो. या फटक्यास 'बंट' म्हणतात. तो स्वतः बाद होतो, सोबती पुढें सरकतो. ही कृति 'सॅक्रिफाइस', म्हणजे त्याग, या नांवानें लिहिली जाते. आणि त्या बाद होण्यानें त्याची सरासरी कमी होत नाहीं.

ही सरासरी म्हणजे हिटांच्या संख्येस फलंदाजीच्या संधींनीं भागून येणारा अपूर्णांक. वॉक व त्याग त्या संधींत धरीत नाहींत. दहांपैकीं तीन वेळां हिट मिळविणारा उत्तम फलंदाज समजला जातो. १९४१ सालीं बॉस्टनच्या टेड विल्यम्स याची सरासरी हंगामाच्या अखेरच्या दिवशीं ०.३९९५५ होती. ती ०.४०० अशीच धरली गेली असती, म्हणून त्यानें हवें तर त्या दिवशीं खेळूं नये असें त्याच्या व्यवस्थापकानें सुचविलें. विल्यम्सनें तें मानलें नाहीं. ता. २८ सप्टेंबर रोजीं फिलाडेल्फिया येथें तो दोन्ही सामने खेळला, आठ संधींत सहा हिट मिळविले आणि हंगाम ०.४०६ वर संपविला. अमेरिकन व नॅशनल या दोन लीगांत त्यानंतर कोणासहि ०.४०० गांठतां आलेलें नाहीं. परंतु विद्यार्थिमित्रहो, दुसरी बाजूहि पाहा. त्या हंगामांत ४५६ संधींत त्याचे हिट १८५. म्हणजे २७१ वेळां हा थोर फलंदाज हिटावांचून परतला!

आणखी एक शब्द राहिला : 'परफेक्ट गेम', म्हणजे निर्दोष सामना. नऊ इनिंगांत प्रतिपक्षाचे २७ फलंदाज यावे, २७ बाद व्हावे आणि एकहि पहिल्या ठाण्यावर पोंचूं नये. पहिला असा सामना १८८० सालीं झाला. तेव्हांपासून १३० वर्षांत अवघे २० झाले होते. ता. २ जून २०१० रोजीं डेट्रॉइट येथें अर्मांडो गलारागा या तरुण पिचरनें क्लीव्हलंडचे २६ गडी ओळीनें बाद केले. सत्ताविसाव्यानें चेंडू जमिनीवर मारला; तो गलारागाच्या हातीं वेळेवर आला, त्याचा पाय पहिल्या ठाण्यावर होता, गडी बाद होता. परंतु पंच जिम जॉयस यांनीं हात पसरून 'सुखरूप' असा निर्णय दिला. गलारागा क्षणभर हंसला, माघारा फिरला आणि पुढच्या फलंदाजास बाद करून त्यानें सामना जिंकून दिला.

सामना संपल्यावर जॉयस यांनीं चित्रफीत पाहिली. त्यांनीं कोणतीहि सबब सांगितली नाहीं. आपण चुकलों व त्या मुलाचा निर्दोष सामना हिरावून घेतला, असें त्यांनीं पत्रकारांपुढें सांगितलें आणि गलारागाची समक्ष क्षमा मागितली. निर्दोष कोणीच नसतो, एवढेंच गलारागा म्हणाला. दुसऱ्या दिवशीं तेच पंच घरामागें उभे होते. गड्यांची यादी त्यांच्या हातीं देण्यास गलाराग्यालाच पाठविलें गेलें, आणि ती घेतांना जॉयस यांनीं डोळे पुसले. निर्णय बदलला नाहीं. वहींत आजहि तेथें एक हिट आहे. चित्रफितीवरून बहुतेक निर्णय तपासण्याचा नियम २०१४ सालीं आला. बेसबॉलच्या वहींत पंचाच्या चुकीसाठीं रकाना नाहीं; तो जॉयस यांनीं स्वतःच्या तोंडानें भरला.

पालकांस आमची एक विनंति आहे. आपल्या पाल्याचें प्रगतिपुस्तक घरीं येतें त्यांत गुणांचा रकाना असतो. आजारी धाकट्या भावाजवळ बसून परीक्षेच्या आदली संध्याकाळ घालविणाऱ्या मुलीचा त्याग त्यांत कोठेंहि लिहिलेला नसतो; तिसऱ्या ठाण्यापर्यंत पोंचून अडलेल्या मुलाचे श्रमहि नसतात. शाळेस जें लिहितां येत नाहीं तें घरीं लिहिलें जावें. आणि चूक झाली तर ती झांकूं नये, चुकणाऱ्यास मैदानाबाहेरहि काढूं नये. ती नोंदवावी, आणि पुढचा चेंडू त्याच्याकडे येऊं द्यावा.

तो चोरीबद्दल विचारणारा विद्यार्थी आतां नववींत आहे. क्रिकेटच्या धांवा लिहिण्याच्या आमच्या शाळेच्या वहींत त्यानें यंदा सुटलेल्या झेलांसाठीं एक नवा रकाना आंखला आहे. त्यांतील पहिलें नांव त्याचें स्वतःचें आहे.